ब्रीदरची नळी आणि अटळ दोषाचा प्रश्न

पेट्रोलचे इंजिन पूर्णपणे बंदिस्त करता येत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली धावतो आणि त्याच्याभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासत वरचा जाळ वरच अडवून धरतात. पण रिंग ही अखंड कडी नसते. तापल्यावर धातू फुगतो, म्हणून रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते. ती पुरेशी ठेवली नाही, तर टोके एकमेकांना भिडून रिंग मोडते किंवा सिलिंडर ओरबाडला जातो. चार इंची बोअरच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यातून आणि रिंगेच्या कडेने स्फोटाचा थोडा वायू दर वेळी खाली क्रँककेसमध्ये उतरतो. आपल्याकडच्या गॅरेजांत याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत न जळलेले पेट्रोल असते, जळून उरलेले वायू असतात, पाण्याची वाफ असते. खाली उसळणाऱ्या तेलाचे तुषारही त्यात मिसळतात. हे सगळे आत कोंडले, तर दाब वाढून गास्केट आणि ऑइल सीलमधून तेल पाझरू लागते आणि वाफेमुळे तेलात गाळ व आम्ल साठते. म्हणून प्रत्येक चारस्ट्रोक इंजिनाला बाहेर पडण्याची एक वाट ठेवलेली असते. तिचे नाव ब्रीदर.

ही वाट कुठे काढायची, हा वरवर पाहता मेकॅनिकच्या अखत्यारीतला प्रश्न आहे. पण नीतिशास्त्रातला एक फार जुना पेच त्यात जसाच्या तसा सापडतो. जे कर्म दोषाशिवाय करताच येत नाही, त्याच्या दोषाचा भार कोणी वाहायचा? कर्त्याचा हेतू वाईट नाही, दोष समूळ टाळता येत नाही आणि परिणाम इतका बारीक आहे की त्याची कोणाला जाणीवही होत नाही. अशा वेळी कर्त्याकडे काही जबाबदारी उरते की नाही? मोठ्या क्षमतेच्या आफ्टरमार्केट मोटारसायकल इंजिनांत हा पेच विशेष उघडा पडतो, कारण तिथे ब्रीदरची जागा कारखाना ठरवत नाही. इंजिन विकत घेऊन ते सांगाड्यात बसवणारा माणूस ती स्वतः ठरवतो.

अशा इंजिनांचा ठळक नमुना म्हणजे हार्ले-डेव्हिडसनच्या धर्तीवरचे ४५ अंशांचे व्ही-ट्विन. अमेरिकेत जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टँकोस यांनी १९५८ मध्ये सुरू केलेली एस अँड एस सायकल ही कंपनी हार्लेसाठी सुट्या भागांपासून सुरुवात करून पुढे आख्खी इंजिने विकू लागली. तिचे १२४ घनइंचांचे इंजिन म्हणजे सुमारे २,०३२ सीसी, बुलेट ३५० च्या जवळजवळ सहापट. या रचनेत दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसवलेले असतात, त्यामुळे दोन्ही पिस्टन जवळपास बरोबरच खाली येतात आणि बरोबरच वर जातात. चार सिलिंडरांच्या सरळ रांगेतल्या इंजिनात दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात आणि क्रँककेसमधली हवा आतल्या आत इकडून तिकडे सरकते. व्ही-ट्विनमध्ये तिला सरकायला जागाच नसते. १२४ घनइंची इंजिनात क्रँककेसचे आकारमान प्रत्येक फेऱ्याला सुमारे १.९ लिटरने आकुंचन पावते आणि पुन्हा तेवढेच पसरते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीला हे सेकंदाला ५० वेळा घडते. ब्रीदरला नुसते भोक ठेवले तर तेच भोक सेकंदाला पन्नासदा फुंकर मारील आणि पन्नासदा बाहेरची धूळ आत ओढील.

म्हणून ब्रीदरमध्ये एकतर्फी झडप लागते. १९३६ च्या नकलहेडपासून शोव्हलहेडपर्यंतच्या हार्ले इंजिनांत ती दात्यांवर फिरणारी असे. पिस्टन खाली येताना तिची खिडकी उघडे, वर जाताना मिटे, आणि हे सगळे क्रँकच्या फिरण्याशी जुळवलेले असे. पुढे हे काम रबराच्या छत्रीसारख्या झडपांकडे आले आणि वाट सिलिंडरच्या डोक्याकडून निघून एअर क्लीनरमध्ये उघडू लागली. १९९९ च्या ट्विन कॅम इंजिनात हीच रचना होती. आफ्टरमार्केटमध्ये रीड झडपाही मिळतात. झडप नीट चालत असेल, तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत जादा हवा बाहेर जाते, क्रँककेसमध्ये सरासरी दाब वातावरणापेक्षा किंचित कमी राहतो आणि त्यानंतर बाहेर पडते ते जवळपास फक्त रिंगांतून उतरलेले. दाब कमी असला की पिस्टनला खाली येताना हवेचा विरोध कमी होतो आणि सीलही कोरडे राहतात. एवढे साधले की यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ब्रीदर उत्तम. उरलेला वायू एअर क्लीनरमध्ये जातो की रस्त्यावर, याच्याशी पिस्टनला काही देणेघेणे नसते.

इंजिनाच्या मालकाला मात्र असते. तेलाचे तुषार एअर क्लीनरमध्ये गेले की फिल्टर चिकट होतो, तेल ठिबकून मोटारसायकलच्या उजव्या बाजूला, बऱ्याचदा स्वाराच्या बुटावर येते, आणि जे तेल सिलिंडरमध्ये जाते ते पिस्टनच्या माथ्यावर व झडपांवर काजळी धरते. पेट्रोलमध्ये तेल मिसळले की त्याची ठोके सोसण्याची ताकद घटते, आणि जास्त कॉम्प्रेशनच्या मोठ्या इंजिनाला ते परवडत नाही. त्यामुळे व्ही-ट्विन बांधणाऱ्यांत एक उपाय सर्रास चालतो: एअर क्लीनरकडे जाणारी भोके बंद करायची आणि ब्रीदरची रबरी नळी सांगाड्याला धरून खाली, मागे, जमिनीकडे सोडायची. टोकाला एखादा छोटा फिल्टर बसवला की काम झाले. इंजिन स्वच्छ राहते. वास आणि धुके मागे पडते.

मागे पडलेल्या गोष्टींचे काय होते, हे कळायला मोटारींच्या बाबतीत बरीच वर्षे गेली. पूर्वीच्या मोटारींत क्रँककेसची नळी सरळ रस्त्याकडे उघडत असे. चालत्या गाडीखालच्या वाऱ्याने आतला वायू ओढून घ्यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. १९५० च्या आसपास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आरी हागेन-स्मित या डच रसायनशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या झोंबणाऱ्या धुरक्याचा उगम शोधला. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन आणि इतर त्रासदायक द्रव्ये तयार होतात, असे त्याने दाखवले. मग या वाफेचा हिशोब सुरू झाला आणि सगळ्यांचा रोख सायलेन्सरकडे असताना क्रँककेसच्या नळीचा वाटाही मोठा असल्याचे ध्यानात आले. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या मोटारींवर आणि १९६३ पासून अमेरिकाभर हा वायू झडपेतून पुन्हा इनटेकमध्ये नेण्याची व्यवस्था बसू लागली. वाहनांच्या प्रदूषणावरचा हा पहिलाच व्यापक उपाय, आणि तसा स्वस्तातला. मोटारसायकलींना तोच नियम १९७० च्या दशकाच्या अखेरीस लागू झाला. भारतात १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मानकांतही क्रँककेसचा वायू थेट हवेत सोडायला मुभा नाही. आफ्टरमार्केटमधले पुष्कळ सामान मात्र ‘फक्त बंद ट्रॅकवरील शर्यतीसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकले जाते. ती चिठ्ठी विकणाऱ्याचे रक्षण करते. पुढे ते सामान कुठल्या रस्त्यावर धावते ते तिला कळत नाही.

कायदा इथे संपतो, पण नैतिक प्रश्न तिथे संपत नाही. जुनी गाडी नियमातून सुटलेली असू शकते, तपासणी होत नसेल, दंडही नगण्य असेल. त्या स्थितीतही नळी जमिनीकडे सोडणाऱ्याने काही चूक केली का?

भारतीय विचारात या प्रश्नाचे सर्वांत ओळखीचे उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. आगीभोवती जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाभोवती दोष असतोच, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे त्या अध्यायाच्या ४८ व्या श्लोकाचे म्हणणे. रिंगांच्या फटीतून उतरणाऱ्या वायूला हा दृष्टान्त शब्दशः लागू पडतो, आणि म्हणूनच तो बेफिकिरीने वापरण्याचा मोह होतो. श्लोक संन्यासाच्या विरोधात बोलतो. दोष आहे म्हणून कर्मच सोडू पाहणाऱ्याला तो थांबवतो. दोष आहे म्हणून तो कुठेही जाऊ द्यावा, असे त्यात म्हटलेले नाही. शिवाय त्याचे संरक्षण ‘सहज’ कर्माला आहे, आणि दोन लिटरचे इंजिन घेऊन रविवारी फिरणे हे नेमके कोणाचे सहज कर्म, हे सांगणे भाष्यकारालाही जड जाईल. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मयोगाची बाजू घेतली, ती लोकसंग्रहाची कसोटी जोडूनच. ज्ञान्यानेही कर्म सोडू नये, कारण त्याच्या वागण्यावर समाजाची घडी उभी असते. ही कसोटी लावली की धूर अटळ आहे हे म्हणणे अपुरे पडते. धुराची दिशाही लोकांशी संबंधित ठरते.

या बाबतीत स्मृतींनी गीतेपेक्षा अधिक व्यवहारी तपशील दिला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत, म्हणजे नकळत जीवहत्या होण्याची पाच ठिकाणे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांतली एकही वस्तू घरातून काढून टाकता येत नाही. दळण, कांडण, झाडलोट, पाणी आणि विस्तव यांशिवाय संसार चालायचा नाही. स्मृतिकार त्यावर ‘इलाज नाही, म्हणून दोष नाही’ असे म्हणत नाहीत. त्यांनी दोष मान्य केला आणि त्यापोटी रोजची पाच महायज्ञांची देणी लावून दिली: स्वाध्याय, पितृतर्पण, होम, भूतबळी आणि अतिथीसत्कार. कुणब्याच्या जात्याखाली चिरडलेल्या किड्याला अतिथीसत्काराने काय मिळते, असा रोखठोक सवाल इथे विचारता येतो, आणि तो वाजवी आहे. पण या व्यवस्थेचा गाभा भरपाईच्या हिशोबात नाही. अटळ दोषातून कायमचे कर्ज तयार होते आणि ते कर्ज दोष करणाऱ्याच्या नावावरच राहते, ही तिची भूमिका आहे. हेतू शुद्ध आहे म्हणून ते माफ होत नाही.

हेतूवर भर देणारी बाजू बौद्धांनी मांडली. पाली मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात नालंदेला हा वाद रंगतो. निगंठांचा, म्हणजे जैनांचा, श्रीमंत उपासक उपाली असे मानून येतो की शरीराने घडलेले कृत्य मनातल्या कृत्यापेक्षा जास्त दोषास्पद असते. बुद्ध त्याला विचारतात: जाता-येता पुष्कळ बारीक जीव चिरडणाऱ्या निगंठाचे काय? हेतू नसेल तर ते तितके दोषास्पद नाही, असे उपालीला मान्य करावे लागते आणि वाद तिथेच निम्मा सुटतो. बौद्ध परंपरा चेतनेलाच कर्म म्हणते. या मापाने ब्रीदरच्या नळीतून दोष निघतच नाही, कारण ती नळी बसवताना कोणाला इजा करण्याचा विचार इंजिन बांधणाऱ्याच्या मनाला शिवलेलाही नसतो.

पण रिंगेची फट इथे अडचण उभी करते. ती नकळत राहिलेली नसते. बांधणारा रिंग सिलिंडरमध्ये ठेवतो, फीलर गेजने फट मोजतो, कानशीने रिंगेची टोके घासून हवी तेवढी फट करतो. खाली वायू उतरणार हे त्याला आधीच ठाऊक असते. तो उतरावा असे त्याला वाटत नसते, एवढेच. युरोपीय परंपरेत तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने आत्मरक्षणाच्या संदर्भात हाच भेद केला. एका कृतीतून दोन परिणाम निघतात, त्यांतला एकच अभिप्रेत असतो. पुढच्या कॅथलिक नीतिशास्त्राने त्याला अटी घातल्या, आणि वाईट परिणाम चांगल्याच्या मानाने अवाजवी नको ही त्यांतली महत्त्वाची. ब्रीदरला हा भेद लावला की एक गोष्ट लगेच वेगळी पडते. वायू क्रँककेसमध्ये उतरणे हा पूर्वज्ञात पण अनभिप्रेत परिणाम आहे. नळीचे तोंड रस्त्याकडे वळवणे हा मात्र परिणामच नव्हे, ती स्वतंत्र कृती आहे, आणि ती पूर्ण जाणीवपूर्वक केलेली आहे. या दोहोंना ‘इंजिन म्हटले की हे आलेच’ या एका वाक्यात गुंडाळणे, ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत.

जैन विचाराने ही गफलत होऊ दिली नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हाच निर्णायक घटक आहे. म्हणजे दुष्ट हेतू नसला तरी सुटका नाही आणि नुसता जीव गेला म्हणूनही दोष नाही. मधल्या बेसावधपणावर सगळा भार. श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. त्यांतली संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, गृहस्थाने पूर्ण सोडायची. संसारातली, व्यवसायातली आणि बचावातली हिंसा आवरती घ्यायची. त्याच्याच जोडीला अनर्थदंड-विरमण हे व्रत आहे. ज्यातून कर्त्याचे कोणतेही प्रयोजन साधत नाही अशी हानी त्याने सोडून द्यायची. आणि साधूसाठी सांगितलेल्या पाच समित्यांतली शेवटची, उत्सर्ग समिती, तर थेट टाकाऊ गोष्टींविषयीच आहे. मलमूत्र, कफ वगैरे शरीरातून बाहेर पडणारच. ते टाकण्याची जागा आधी निरखायची, तिथे जीव नाहीत याची खात्री करायची आणि मगच टाकायचे. चालणे, बोलणे, भिक्षा घेणे आणि वस्तू उचलणे-ठेवणे यांच्या पंक्तीला उत्सर्गाला बसवणारी ही यादी जगाच्या नीतिविचारात दुर्मीळ आहे. बहुतेक परंपरांना माणूस काय घेतो याचे जास्त कुतूहल. तो काय टाकतो याकडे त्या सहसा शौचाशौचाच्या नजरेने पाहतात. जैन साधू मुळात वाहनच वापरत नाही आणि अग्नीत व वायूतही जीव मानतो, तेव्हा इंजिनाचे समर्थन त्याच्याकडे मागण्यात अर्थ नाही. पण ब्रीदरच्या नळीला लावण्याजोगा नियम हवा असेल, तर तो या समितीतच तयार सापडतो.

आधुनिक इंग्रजी तत्त्वज्ञानाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. एका नळीने कितीसा फरक पडतो? १९७५ मध्ये जोनाथन ग्लोव्हरने एक काल्पनिक गाव रचले. शंभर गावकरी जेवायला बसले आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शेंगांचे शंभर दाणे. शंभर दरोडेखोर येतात आणि एकेकाचा वाडगा हिसकावतात. दुसऱ्या आठवड्यात ते युक्ती करतात: प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातून एकेकच दाणा उचलतो. गावकरी तेवढेच उपाशी राहतात, पण आता प्रत्येक दरोडेखोर म्हणू शकतो की आपल्यामुळे कोणाचे जाणवण्याइतके नुकसान झाले नाही. डेरेक पार्फिटने १९८४ मध्ये ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हे आणखी ताणले. हजार छळकर्ते, हजार बळी, आणि एकेक बटण दाबल्याने प्रत्येक बळीची वेदना इतकीच वाढते की वाढ कळू नये. जे जाणवत नाही ते नैतिक हिशोबात शून्य, हे गणित चूक आहे, असे पार्फिट म्हणतो. उलट बाजूने वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँगने २००५ च्या लेखात रविवारच्या दुपारी केवळ मौजेसाठी पेट्रोलखाऊ गाडी काढणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आणि असा निष्कर्ष काढला की हवामानबदल कितीही गंभीर असला, तरी त्या एका फेरीला चूक ठरवणारे पटण्याजोगे तत्त्व सापडत नाही. खरी जबाबदारी सरकारकडून नियम करून घेण्याची.

सिनॉट-आर्मस्ट्राँगचा युक्तिवाद सोपा नाही. एका व्ही-ट्विनच्या नळीतून जाणारी वाफ मोजून तिच्यामुळे अमक्याचा दमा बळावला असे कधीच दाखवता येणार नाही. तरीही ब्रीदरच्या बाबतीत त्याचा युक्तिवाद एका ठिकाणी तोकडा पडतो. मौजेची फेरी टाळायची, तर मौजच सोडावी लागते. ब्रीदरचे तसे नाही. फेरीही होते, मौजही होते; फक्त वायू रस्त्याऐवजी पुन्हा इंजिनात जातो आणि फिल्टर वरचेवर धुवावा लागतो. म्हणजे नळी रस्त्याकडे सोडणारा केवळ बारीक हानी करत नाही, तर स्वतःच्या वाट्याचा उपद्रव उचलून दुसऱ्याच्या वाट्याला ठेवतो. काजळी त्याच्या पिस्टनवर धरायची, ती टळते. तेल त्याच्या बुटावर सांडायचे, ते मागच्याच्या वाटेत सांडते. हानीची बेरीज किती, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. आपल्या कर्माचा मळ आपल्याकडे राहिला की परभारे गेला, हे पाहायला बेरीज लागत नाही. पंचसूनेच्या कल्पनेतही भर याच गोष्टीवर होता. ग्लोव्हरचे दरोडेखोरही याच कारणाने दोषी ठरतात: दाणा एकच असला, तरी तो दुसऱ्याच्या वाडग्यातला होता.

शर्यतीच्या ट्रॅकवर या गोष्टीला तत्त्वज्ञानाची गरज लागत नाही. तिथे मागचा स्वार डोळ्यांसमोर असतो, वळणावर सांडलेले चमचाभर तेल त्याला पाडायला पुरते, आणि म्हणून आंतरराष्ट्रीय शर्यतींचे नियम चारस्ट्रोक मोटारसायकलींना बंद ब्रीदर सक्तीचा करतात: नळी एअरबॉक्समध्ये गेली पाहिजे. ड्रॅग शर्यतींत तेल झेलायला डबा लावतात. गंमत अशी की ‘फक्त शर्यतीसाठी’ म्हणून विकला जाणारा उघडा ब्रीदर पुष्कळ शर्यतींत चालवूनच घेतला जाणार नाही. रस्त्यावर मागचा माणूस दिसत नाही, तो विखुरलेला असतो, आणि त्याच्या फुप्फुसात काय गेले ते घसरून पडण्याइतके ठळक नसते. फरक दृष्टीचा आहे, जबाबदारीचा नव्हे.

डबा लावणे किंवा वायू इनटेकमध्ये परत नेणे यांपैकी काहीही केले, तरी दोष नाहीसा होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. परत नेलेला वायू जळतो आणि सायलेन्सरमधून निघतो. जळल्याने तो कमी घातक होतो, निर्दोष होत नाही. डब्यात फक्त तेल आणि पाणी थांबते, पेट्रोलची वाफ बहुतेक निसटतेच, आणि डबा गटारात रिकामा केला तर सारा खटाटोप वाया. चांगले बांधणारे दोन्ही जोडतात: आधी तेल वेगळे काढणारी चकत्यांची किंवा जाळीची पेटी, मग झडप, मग एअर क्लीनरकडे जाणारी नळी. पेटीतले तेल वापरलेल्या इंजिन ऑइलबरोबर गोळा करून देतात. जुन्या अनेक मोटारसायकलींत ब्रीदरचे तेलकट धुके मुद्दाम चेनवर सोडलेले असे, म्हणजे टाकाऊतून वंगणाची सोय. ती कल्पकता दाद देण्याजोगी आहे, पण चेनवरून उडालेले तेल शेवटी रस्त्यावरच जाई.

उरतो प्रश्न ‘अटळ’ या शब्दाच्या व्याप्तीचा. नव्या, नीट बसवलेल्या रिंगांतून उतरणारा वायू आणि झिजलेल्या रिंगांतून उतरणारा वायू एकाच नळीने बाहेर येतात. पहिला सहज दोष, दुसरा प्रमाद, आणि नळीच्या तोंडाशी उभे राहून दोहोंत फरक करता येत नाही. त्यासाठी लीक-डाउन चाचणी करतात. पिस्टन सर्वांत वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि तिच्यातली किती टक्के टिकत नाही ते पाहायचे. हिस्स आवाज कार्बोरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट, आणि ब्रीदरकडून आला तर रिंगा. टक्केवारी कधीच शून्य येत नाही. ती वर्षागणिक वाढत जाते, आणि कुठल्या आकड्यापर्यंत तिला इंजिनाचा स्वभाव म्हणायचे व कुठून पुढे मालकाची हयगय, याची रेषा यंत्रात आखलेली नसते. जैनांच्या प्रतिक्रमणात चालताना नकळत चिरडल्या गेलेल्या जीवांचाही नेमाने आढावा घेतला जातो, तो याच अडचणीपोटी: अटळ किती आणि बेसावधपणाचे किती, हे एकदा ठरवून भागत नाही. मोठ्या बोअरच्या इंजिनातही आज सहज म्हणून सोडून दिलेली गळती काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजावी लागते.